आयपी अ‍ॅड्रेसमधली न दिसणारी रेघ : क्लास, मास्क आणि सबनेटिंग

(व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याची ढब शक्यतो तशीच ठेवली आहे.)

मागच्या रांगेपर्यंत आवाज पोचतोय ना? ठीक.

मागच्या व्याख्यानात आपण स्विच आणि राउटर यांतला फरक पाहिला. स्विच एकाच नेटवर्कमधले कॉम्प्युटर एकमेकांना जोडतो, राउटर एक नेटवर्क दुसऱ्या नेटवर्कला जोडतो. शेवटी एकांनी विचारलं होतं, "पण कॉम्प्युटरला कसं कळतं, की समोरचा आपल्याच नेटवर्कमधला आहे की बाहेरचा?" मी म्हटलं होतं, याला अख्खं एक व्याख्यान लागेल. तर आजचं व्याख्यान म्हणजे त्या एका प्रश्नाचं उत्तर आहे. क्लास, मास्क, सबनेटिंग हे सगळे शब्द त्या उत्तरातच येतात.

सुरुवात एका फजितीने करतो. माझ्याच.

एका प्रिंटरची गोष्ट

बऱ्याच वर्षांपूर्वी मी एका कॉलेजच्या लॅबची देखभाल करायचो. लॅबमध्ये दोन रांगा. पुढच्या रांगेतल्या कॉम्प्युटरचे पत्ते १९२.१६८.१०.१०१ पासून १२० पर्यंत, मागच्या रांगेचे १३१ पासून १५० पर्यंत. एक दिवस लॅबमध्ये नवा प्रिंटर आला. नवा म्हणजे दुसऱ्या विभागातून उचलून आणलेला. त्याला पत्ता दिला १९२.१६८.१०.२००. आणि मग गंमत सुरू झाली. मागच्या रांगेतून प्रिंट निघायची, पुढच्या रांगेतून निघायची नाही. इंटरनेट मात्र सगळ्यांचं चालू.

आता तुम्हीच सांगा, कोणावर संशय येईल? वायरवर! मी पुढच्या रांगेची केबल बदलली. मग स्विच बदलला. वायरमनला दोन शब्द सुनावलेसुद्धा. दोन दिवस गेले, मुलांच्या सबमिशनची तारीख डोक्यावर. शेवटी एका विद्यार्थ्याने प्रिंटरच्या सेटिंगचं पान छापून माझ्यासमोर धरलं आणि म्हणाला, "सर, बाकी सगळीकडे शेवटी शून्य आहे, इथे १२८ का आहे?"

सबनेट मास्क. बाकी सगळ्यांचा २५५.२५५.२५५.०, आणि प्रिंटरचा २५५.२५५.२५५.१२८. जुन्या विभागातून येताना तो आपला मास्क बरोबर घेऊन आला होता. आकडा बदलला आणि एका मिनिटात काम झालं. वायरमनची माफी मागायला मात्र जरा जास्त वेळ लागला.

त्या १२८ ने नेमकी पुढचीच रांग का अडवली, हे आजच्या शेवटापर्यंत तुम्हाला कागदावर मांडून दाखवता आलं पाहिजे.

पत्ता म्हणजे बत्तीस बिट

आयपी अ‍ॅड्रेस आपण चार आकड्यांत लिहितो. ही आपली सोय. कॉम्प्युटरच्या लेखी तो बत्तीस बिटांचा एक सलग आकडा आहे. आपण त्याचे आठ-आठ बिटांचे चार तुकडे करतो आणि मध्ये टिंब देतो. आठ बिटांत ० पासून २५५ पर्यंतचे आकडे बसतात, म्हणून २५५ च्या पुढे कधी काही दिसत नाही. कोणी १९२.१६८.३००.५ असा पत्ता लिहून दिला, तर तो पत्ताच नव्हे.

बत्तीस बिटांत एकूण पत्ते किती? दोनाचा बत्तिसावा घात, म्हणजे ४२९ कोटी ४९ लाख ६७ हजार २९६. हा आकडा लक्षात ठेवा. आज जगात त्याहून जास्त माणसं आहेत.

पण महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. या बत्तीस बिटांचे दोन भाग असतात. डावीकडचा भाग सांगतो 'कोणतं नेटवर्क', उजवीकडचा भाग सांगतो 'त्या नेटवर्कमधलं कोणतं मशीन'. या उजव्या भागाला होस्टचा भाग म्हणतात. दोन्हींच्या मध्ये एक रेघ आहे, आणि ती पत्त्यात दिसत नाही. टिंबांवर जाऊ नका. टिंबं वाचायच्या सोयीसाठी आहेत, ती म्हणजे रेघ नव्हे.

तर प्रश्न असा : रेघ कुठे आहे हे कळणार कसं? क्लास म्हणा, सबनेटिंग म्हणा, सगळा इतिहास या एकाच प्रश्नाभोवती फिरतो.

एसटीडी कोड आठवा

लँडलाइनचे दिवस ज्यांना आठवतात त्यांनी एसटीडी कोड आठवा. सुरुवातीचं शून्य बाजूला ठेवू. मुंबईचा कोड २२, पुण्याचा २०. पुढे नंबर आठ आकडी. नाशिकचा कोड २५३, पुढे नंबर सात आकडी. रत्नागिरीचा २३५२, पुढे सहा आकडी. बेरीज करून बघा. दोन अधिक आठ, तीन अधिक सात, चार अधिक सहा. प्रत्येक वेळी दहाच!

म्हणजे एकूण आकडे ठरलेले, त्यातली रेघ मात्र गावाप्रमाणे सरकते. मोठ्या शहराला कोड छोटा, कारण आत फोन खूप लागतात. छोट्या गावाला कोड लांब, कारण आत फोन कमी. आणि कोड असे वाटलेले, की पहिले काही आकडे बघितले की एक्सचेंजला कळावं, रेघ कुठे आहे.

आयपी अ‍ॅड्रेसचे क्लास म्हणजे हीच युक्ती. फरक आहे तो पायरीच्या उंचीत. तिकडे येतोच.

क्लास ए, बी, सी

अगदी सुरुवातीला क्लास नव्हते. १९८० च्या आरएफसी ७६० या दस्तऐवजात पहिले आठ बिट नेटवर्कचे आणि उरलेले चोवीस होस्टचे, असा सरळ हिशोब होता. म्हणजे साऱ्या जगात जास्तीत जास्त अडीचशेच्या आसपास नेटवर्क. लवकरच लक्षात आलं, की लहान लहान नेटवर्क पुष्कळ होणार आहेत. मग सप्टेंबर १९८१ मध्ये आरएफसी ७९१ आला. त्याचे संपादक जॉन पोस्टेल. त्यात रेघेच्या तीन जागा ठरल्या, आणि ती कुठे आहे हे पत्त्याच्या पहिल्या बिटांवरूनच कळेल अशी सोय झाली. फळ्यावर लिहितो.

क्लास ए : पहिला बिट ०. पहिला आकडा ० ते १२७. नेटवर्कला आठ बिट, होस्टला चोवीस. एका नेटवर्कमध्ये १,६७,७७,२१४ मशीन.

क्लास बी : पहिले बिट १०. पहिला आकडा १२८ ते १९१. नेटवर्कला सोळा, होस्टला सोळा. अशी नेटवर्क १६,३८४, प्रत्येकात ६५,५३४ मशीन.

क्लास सी : पहिले बिट ११०. पहिला आकडा १९२ ते २२३. नेटवर्कला चोवीस, होस्टला आठ. अशी नेटवर्क २०,९७,१५२, प्रत्येकात २५४ मशीन.

पुढे २२४ ते २३९ हा क्लास डी, तो मल्टिकास्टसाठी. म्हणजे एकाच वेळी ठरावीक गटाला माहिती पाठवायची असेल तर. २४० ते २५५ हा क्लास ई, राखीव. क्लास ए मध्ये ० आणि १२७ ही दोन नेटवर्क कोणाला दिली जात नाहीत. १२७.०.०.१ तुम्ही पाहिलाच असेल, तो 'मी स्वतः' असा पत्ता आहे. म्हणून वापरता येणारी क्लास ए नेटवर्क १२६.

होस्टच्या आकड्यातून दोन का वजा होतात, हा प्रश्न दरवर्षी येतो. होस्टचे सगळे बिट शून्य असले, तर तो त्या नेटवर्कचाच पत्ता. सगळे बिट एक असले, तर तो ब्रॉडकास्टचा पत्ता, म्हणजे 'नेटवर्कमधल्या सगळ्यांनी ऐका'. हे दोन्ही कोणा एका मशीनला देता येत नाहीत. म्हणून २५६ मधून २५४.

कुठे बिघडलं

रचना तर नेटकी. मग बिघडलं कुठे? पायरीत. टेलिफोनमध्ये आठ आकड्यांवरून सातवर आलात तर फोनची संख्या दहापट कमी होते. इथे एक पायरी उतरलात की २५६ पट कमी! क्लास सी मध्ये २५४, त्याच्या वरच्या पायरीवर थेट ६५,५३४. मध्ये काहीच नाही.

समजा एका संस्थेत ३०० कॉम्प्युटर आहेत. क्लास सी पुरत नाही, सेहेचाळीस कमी पडतात. म्हणून ती क्लास बी मागते. मिळाला की ३०० पत्ते वापरात आणि पासष्ट हजारांवर पत्ते नुसते पडून. गावजेवणाची भांडी आणायची आणि चार माणसांचा भात शिजवायचा, असला प्रकार. त्यात क्लास बी नेटवर्क साऱ्या जगात सोळा हजारच. १९९० च्या सुमाराला ती संपत चालल्याचं स्पष्ट दिसू लागलं.

क्लास ए चा हिशोब तर आणखी मोठा. पहिला बिट शून्य असलेले सगळे पत्ते क्लास ए चे, म्हणजे एकूण पत्त्यांपैकी निम्मे. आणि ते फक्त १२६ जणांना वाटायचे. अमेरिकेतल्या एमआयटी या एका संस्थेकडे १८ ने सुरू होणारे सगळे, म्हणजे एक कोटी सदुसष्ट लाखांवर पत्ते होते. स्टॅनफर्डकडे ३६ ने सुरू होणारे होते, ते त्यांनी पुढे परत केले. एमआयटीने आपल्यातले बरेचसे २०१७ मध्ये विकायला काढले. आपल्याकडे सर्वसामान्यांसाठी इंटरनेट आलं ते १५ ऑगस्ट १९९५ ला. तोवर मोठे भूखंड वाटून झालेले होते. यात कोणाचं कारस्थान नव्हतं. १९८१ मध्ये हे जाळं एवढं वाढेल याचा अंदाज नव्हता, आणि रेघ तीनच जागी ठोकून ठेवलेली होती.

पोटहिस्सा

पहिला उपाय आतल्या बाजूने आला. क्लास बी मिळाला तरी पासष्ट हजार मशीन एकाच नेटवर्कमध्ये कोणी ठेवत नाही. एकाने 'सगळ्यांनी ऐका' म्हटलं की पासष्ट हजार जणांना हातातलं काम सोडून ऐकावं लागेल. इमारती वेगळ्या, विभाग वेगळे, तर नेटवर्कही आतल्या आत वेगळी हवीत. त्यासाठी दर वेळी बाहेरून नवा नंबर कशाला मागायचा?

गावाकडच्या मंडळींना हे पटकन कळेल. एका गट नंबरची जमीन भावाभावांत वाटली की पोटहिस्से पडतात. ४५ चे ४५/१, ४५/२, ४५/३. गावाच्या नकाशावर गट तोच राहतो, आतली वाटणी आतल्यांना माहीत. सबनेट म्हणजे हा पोटहिस्सा. ऑगस्ट १९८५ मध्ये जेफ्री मोगल आणि जॉन पोस्टेल यांनी आरएफसी ९५० मध्ये त्याची रीत घालून दिली. होस्टच्या भागातले डावीकडचे काही बिट उसने घ्यायचे आणि त्यांनी पोटनेटवर्कचा नंबर लिहायचा. म्हणजे काय केलं? रेघ उजवीकडे सरकवली.

पण आता एक अडचण आली. रेघ सरकवली, तर पहिले बिट बघून ती कुठे आहे हे कळणार नाही. पत्ता अजूनही म्हणतोय 'मी क्लास बी', आणि रेघ भलतीकडेच. मग रेघेची जागा वेगळी लिहून ठेवावी लागणार. ती जिथे लिहिली, तो सबनेट मास्क.

मास्क काम कसा करतो

मास्कसुद्धा बत्तीस बिटांचाच. जिथे नेटवर्कचा भाग तिथे १, जिथे होस्टचा भाग तिथे ०. डावीकडे सगळे एक, मग सगळी शून्यं, मध्ये मिसळ नाही. एक संपून शून्यं सुरू होतात, तिथे रेघ.

कॉम्प्युटर काय करतो? पत्ता आणि मास्क एकाखाली एक ठेवतो. मास्कमध्ये १ असेल तिथे पत्त्याचा बिट तसाच उतरवतो, ० असेल तिथे ० लिहितो. उरतो तो नेटवर्कचा पत्ता. काहीही पाठवायचं झालं की तो आपल्या मास्कने आधी स्वतःचं नेटवर्क काढतो, मग त्याच मास्कने समोरच्याचं. दोन्ही सारखे आले तर समोरचा घरातला, थेट पाठवा. वेगळे आले तर बाहेरचा, गेटवेकडे म्हणजे राउटरकडे द्या.

मागच्या वेळच्या प्रश्नाचं उत्तर एवढंच आहे. पण एक बारकावा बघा. कॉम्प्युटर स्वतःचाच मास्क वापरतो. समोरच्याचा मास्क काय आहे, हे त्याला ठाऊक नसतं.

आता प्रिंटरकडे या. पहिले तीन आकडे सगळ्यांचे सारखे, म्हणून फक्त शेवटचे आठ बिट लिहितो.

प्रिंटरचा मास्क १२८ : १०००००००
प्रिंटर २०० : ११००१००० … उरतं १०००००००, म्हणजे १२८
मागच्या रांगेतला १४० : १०००११०० … उरतं १०००००००, म्हणजे १२८
पुढच्या रांगेतला १०५ : ०११०१००१ … उरतं ००००००००, म्हणजे ०

बघा. प्रिंटरच्या दृष्टीने १४० घरातला, आणि १०५ बाहेरचा! १०५ चा मास्क शेवटी शून्य असलेला, त्यामुळे त्याला प्रिंटर घरातलाच वाटतो आणि तो थेट पाठवायला बघतो. प्रिंटर मात्र उत्तर द्यायला गेटवे शोधतो. आमचा गेटवे होता १९२.१६८.१०.१, म्हणजे प्रिंटरच्या हिशोबाने तोही रेघेपलीकडचा. उत्तर द्यायला वाटच नाही. एकतर्फी ओळख! आणि मी केबल बदलत बसलो होतो.

यातून एक सवय लावून घ्या. काहींचं चालतं आणि काहींचं चालत नाही असं दिसलं, की वायरला हात लावण्याआधी दोन्हीकडचे मास्क बघा.

क्लास गेले

पोटहिस्से पाडून आतली सोय झाली, पण बाहेरची वाटणी क्लासनेच चालू होती. क्लास बी संपत होते. त्याऐवजी क्लास सी गठ्ठ्याने द्यावेत, तर प्रत्येक क्लास सी ची वेगळी नोंद मोठमोठ्या राउटरना ठेवावी लागणार, आणि त्यांच्या याद्या आधीच फुगत होत्या. म्हणजे एकीकडे पत्ते संपतात, दुसरीकडे याद्या मावत नाहीत.

सप्टेंबर १९९३ मध्ये आरएफसी १५१९ ने दोन्हींवर एकच उपाय दिला. क्लास पाहायचेच नाहीत. रेघ कुठेही असू द्या, फक्त पत्त्याबरोबर तिची जागा सांगा. याला सीआयडीआर म्हणतात, बोलताना 'सायडर'. पत्त्यापुढे तिरकी रेघ देऊन नेटवर्कचे बिट लिहायची पद्धत याच्याबरोबर रूढ झाली. १९२.१६८.१०.०/२४ म्हणजे पहिले चोवीस बिट नेटवर्कचे, मास्क २५५.२५५.२५५.०. /२५ म्हटलं की शेवटी १२८.

आता त्या ३०० कॉम्प्युटरवाल्यांना काय द्याल? /२३. होस्टला नऊ बिट, ५१२ वजा २, म्हणजे ५१० मशीन. सुटला प्रश्न. पायरी २५६ पटीची होती, ती दुपटीची झाली.

आणि याद्यांचं काय? रेघ डावीकडेही सरकवता येते. १०.१.४.०, १०.१.५.०, १०.१.६.० आणि १०.१.७.० ही चार /२४ नेटवर्क एकाच दिशेला असतील, तर चार नोंदींऐवजी १०.१.४.०/२२ ही एकच नोंद पुरते, कारण चौघांचे पहिले बावीस बिट सारखेच आहेत. कोलकात्यात बसलेल्याला २३५२ म्हणजे रत्नागिरी हे माहीत असायची गरज नाही. पहिला आकडा २ दिसला की पश्चिमेकडे पाठवायचं, पुढचं पुढे बघतील.

वाटणी करून पाहू

आता वही काढा. आपल्याकडे १९२.१६८.१०.०/२४ आहे, म्हणजे २५६ पत्ते. मोठी लॅब १०० मशीन, छोटी लॅब ५०, ऑफिस २५, ग्रंथालय १०, आणि दोन इमारतींच्या राउटरना जोडणारा दुवा, त्याला २ पत्ते.

नियम पहिला : मोठ्यापासून सुरुवात करा. नियम दुसरा : गरजेत राउटरचा पत्ता धरा, म्हणजे एक वाढवा. दुव्याच्या दोन पत्त्यांत राउटर आलेच आहेत. नियम तिसरा : गटाचा आकार नेहमी दोनाच्या घातात, आणि त्यातले दोन पत्ते वजा.

मोठी लॅब, १०१ हवेत. १२८ चा गट, /२५. पत्ते ० ते १२७, मशीनना १ ते १२६.
छोटी लॅब, ५१ हवेत. ६४ चा गट, /२६. १२८ ते १९१, मशीनना १२९ ते १९०.
ऑफिस, २६ हवेत. ३२ चा गट, /२७. १९२ ते २२३, मशीनना १९३ ते २२२.
ग्रंथालय, ११ हवेत. १६ चा गट, /२८. २२४ ते २३९, मशीनना २२५ ते २३८.
दुवा, २ हवेत. ४ चा गट, /३०. २४० ते २४३, वापरायला २४१ आणि २४२.

उरले २४४ ते २५५, बारा पत्ते. पुढे लागले तर हाताशी.

मोठ्यापासून का? कारण १२८ चा गट ० किंवा १२८ वरूनच सुरू होऊ शकतो. ६४ चा गट ०, ६४, १२८, १९२ वरून. गट आपल्या आकाराच्या पटीतच सुरू होतो, नाहीतर रेघ बिटांच्या मधोमध पडेल. लहानापासून वाटायला घेतलंत, तर मोठ्यासाठी बरोबर जागी सलग तुकडा उरेलच असं नाही. एक झटपट युक्ती : २५६ मधून मास्कचा शेवटचा आकडा वजा करा, गटाचा आकार मिळतो. मास्क २२४ असेल तर ३२. मग ०, ३२, ६४, ९६ असं मोजत जा.

आणि वाटणी वाढली की बांधात जमीन जाते, हे विसरू नका. प्रत्येक पोटहिश्श्यामागे दोन पत्ते गेलेच. म्हणून हौस म्हणून तुकडे पाडू नका, गरज बघून पाडा.

श्रोत्यांचे प्रश्न

प्रश्न : सर, क्लास १९९३ मध्येच गेले म्हणता, मग आम्हाला परीक्षेत अजून का विचारतात?

उत्तर : प्रश्न रास्त आहे. परीक्षेपुरते पाठ कराच. पण ते शिकण्यात थोडा अर्थही आहे. एक तर मास्क का आला हे क्लासशिवाय कळत नाही. दुसरं, खुणा अजून शिल्लक आहेत. फेब्रुवारी १९९६ च्या आरएफसी १९१८ मध्ये खासगी वापराचे पत्ते ठरले. १० ने सुरू होणारे सगळे, म्हणजे एक क्लास ए. १७२.१६ ते १७२.३१, म्हणजे सोळा क्लास बी. १९२.१६८ ने सुरू होणारे, म्हणजे २५६ क्लास सी. मल्टिकास्टला अजूनही क्लास डी म्हणतात. पण एक सांगतो. नोकरीच्या मुलाखतीत १०.५.०.०/१६ दाखवून कोणी विचारलं, 'यात होस्ट किती?', तर 'क्लास ए, म्हणून एक कोटी सदुसष्ट लाख' असं म्हणू नका. मास्क बोलतो ते खरं. होस्ट ६५,५३४.

प्रश्न : माझ्या घरी लॅपटॉपला १९२.१६८.१.५ दिसतो, शेजारच्या काकांकडेही तोच. टक्कर होत नाही?

उत्तर : होत नाही, कारण हे खासगी पत्ते घराबाहेर जातच नाहीत. तुमचा राउटर बाहेर जाताना तुमचा पत्ता काढून आपला पत्ता लावतो. त्याला नॅट म्हणतात. पत्त्यांच्या टंचाईतून निघालेली ही सोय. ३ फेब्रुवारी २०११ ला जागतिक साठ्यातले शेवटचे पाच मोठे गठ्ठे पाच विभागांना वाटून संपले. आशिया-पॅसिफिक विभाग त्याच वर्षी एप्रिलमध्ये शेवटच्या गठ्ठ्यावर आला, आणि तेव्हापासून तिथे पत्ते हात राखून वाटले जातात. नॅट नसतं, तर आपल्यापैकी पुष्कळांच्या खिशातला फोन इंटरनेटवर आलाच नसता. पुढचं व्याख्यान नॅटवरच आहे.

प्रश्न : आयपी व्हर्जन सहा आल्यावर सबनेटिंगची कटकट संपेल ना?

उत्तर : टंचाई संपेल, रेघ राहील. तिथे पत्ता १२८ बिटांचा आहे, आणि एका सबनेटसाठी रेघ साधारणपणे चौसष्टाव्या बिटापाशी घेतात. होस्ट मोजून पत्ते वाचवायची गरज नाही. पण विभाग वेगळे ठेवणं, नोंदी एकत्र करणं हे तिथेही रेघेनेच होतं. तेव्हा आज शिकलेलं वाया जाणार नाही.

घरचा अभ्यास

दोन गणितं देतो. एक : १९२.१६८.२०.० /२४ मधून तीन विभागांना जागा द्यायची आहे, ६० मशीन, २८ मशीन आणि १२ मशीन. राउटरचा पत्ता धरायला विसरू नका. दोन : १९२.१६८.२०.९४ आणि १९२.१६८.२०.९७ या दोन्हींचा मास्क २५५.२५५.२५५.२२४ आहे. ते एकमेकांशी थेट बोलतील, की राउटरमार्फत? आकडे शेजारचे दिसतात म्हणून फसू नका. बिट मांडा, मगच उत्तर द्या.

आणि घरी गेल्यावर आपल्या कॉम्प्युटरच्या नेटवर्क सेटिंगमध्ये जाऊन स्वतःचा पत्ता, मास्क आणि गेटवे हे तीन आकडे वहीत उतरवा. पत्ता आणि गेटवे रेघेच्या एकाच बाजूला येतात का, ते हाताने करून बघा. यायलाच हवेत. नाही आले, तर मला कळवा, वायरमनला बोल लावू नका.

पुढच्या वेळी भेटू.